अर्धा आटा ढिला

देसांकाची फिचा तिहोमिरच्या फाटकासमोर उभी होती आणि तिचं मागचं झाकण सताड उघडं होतं. वेलिबोर काखेत पाव घेऊन बेकरीतून येत होता, तो रस्त्याच्या मधोमधच थबकला. दुसऱ्या कुणाला त्यात काही वावगं वाटलं नसतं. चिमुकली जुनी गाडी, इंजिन मागे, दिवस उन्हाचे. अशा गाडीचं झाकण बंद दिसलं तरच लोक काळजीने विचारतात. पण वेलिबोरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या झाकणाला आजवर त्याच्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता.

"अरे वेल्या!" तिहोमिरने इंजिनातून डोकं वर काढलं. "ये, ये. तुझी कुमा देसांका पेट्रोल पंपापाशी अडकून पडली होती. म्हटलं, दोर लावून ओढत आणावी."

"काय झालंय तिला?"

"पॉइंट गेलेत. हे बघ." तिहोमिरने तळहातावर दोन काळेठिक्कर तुकडे धरले. "यांच्यात जीव राहिलाय का काही?"

ठिणगी पाडणारे ते तुकडे वेलिबोरने ओळखले. वसंतात त्यानेच ते देसांकाच्या नखं घासायच्या कानशीने घासून परत बसवले होते. "अजून वर्षभर चालले असते," तो म्हणाला.

"पण चालले नाहीत ना."

देसांका आत बाकावर बसून कॉफी पीत होती. तिहोमिरच्या कपातून. वेलिबोरला पाहून ती उठली आणि म्हणाली, "कूम, तुम्हाला पण टाकू का कॉफी?" जणू घर तिचंच, आणि साखरेचा डबा कुठे असतो हेही तिला ठाऊक. वेलिबोर म्हणाला, मला घाई आहे. त्याला कसलीही घाई नव्हती. बस डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाल्यापासून त्याला घाई नावाची गोष्ट माहीत नव्हती.

वेलिबोरचं देसांकावर प्रेम होतं. हे इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण तो स्वतः मेला तरी सांगणार नाही. तिचं लग्न त्याच्या जिवलग दोस्ताशी, ब्लागोयेशी झालं, आणि त्या लग्नात नवऱ्यामागे मेणबत्ती धरून उभा राहिलेला कूम होता वेलिबोर. कूम म्हणजे नुसता साक्षीदार नव्हे. कूम झाला की तो रक्ताच्या भावापेक्षा जवळचा, आणि त्या घरची बाई त्याची कुमा. मोरावा नदीच्या या काठाला कूमला कुणी 'तू' म्हणत नाही, तोही कुमाला म्हणत नाही. आदल्या दिवशीपर्यंत एकत्र पोहायला गेलेले असोत, लग्न लागलं की 'अहो-जाहो' सुरू. आणि कूमने कुमाकडे तसल्या नजरेने पाहणं म्हणजे सख्ख्या बहिणीकडे पाहणं. लोक म्हणतात, अशा घरात पीक उभं राहत नाही आणि गारा पडतात त्या नेमक्या त्याच कौलांवर.

ब्लागोये गेला. मूलबाळ नव्हतं. मागे राहिली देसांका आणि ती दुधी रंगाची फिचा. वेलिबोर दर रविवारी स्मशानात जायचा, ब्लागोयेच्या थडग्यावर मेणबत्ती लावायचा आणि तिथून थेट देसांकाच्या अंगणात येऊन गाडीचं झाकण उघडायचा. फिचाला काही झालेलं असो वा नसो. कधी पट्टा ताणायचा, कधी कार्बोरेटरचा जेट काढून तोंडाने फुंकायचा, कधी इंजिनातल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं गुंडाळून गार करायचा. देसांका चमचाभर मोरंबा आणि गार पाणी आणून ठेवायची. "क्लच कसा लागतोय?" असं तो विचारायचा तेव्हा त्याच्या आवाजात इतकी माया असायची की ऐकणाऱ्याला वाटावं, हा क्लचबद्दल विचारत नसावा. "जरा जड लागतो," ती म्हणायची. मग दोघं थोडा वेळ गप्प बसायचे. त्याचं सगळं आयुष्य त्या गप्प बसण्यात मावत होतं, आणि त्याला ते पुरत होतं.

आणि आता हा तिहोमिर! शाळेत वेलिबोरच्या शेजारी बसून त्याचीच गणितं उतरवणारा. तारुण्यात जर्मनीला गेला, तिथल्या कारखान्यात उभं आयुष्य काढलं, बायको तिथेच वारली, आणि गेल्या हिवाळ्यात पेन्शन आणि एक भलीमोठी निळी पेटी घेऊन परत आला. त्या पेटीत पाने असे मांडलेले होते की जणू चर्चमधल्या चांदीच्या वस्तू. नट किती आवळायचा ते स्वतःच सांगणारा पाना होता. ठिणगीची वेळ जुळवायला चालू इंजिनावर धरायचा, टिकटिक उजेड टाकणारा दिवा होता. वेलिबोरकडे होता त्याचा कान आणि सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा, पॉइंटमधली फट मोजायला.

पुढच्या रविवारी तो देसांकाकडे गेला तेव्हा ती फाटकातच भेटली. गालांवर लाली, हातात किल्ली.

"कूम, बघा तरी!" ती गाडीत बसली आणि दोन सीटांमधला स्टार्टरचा दांडा तिने एकदा ओढला. एकदाच. फिचा गुरगुरली आणि शांतपणे चालू लागली. "एका ओढीत! चोक नाही, काही नाही. ब्लागोये असता तर नाचला असता."

"हं," वेलिबोर म्हणाला.

"हं काय? आनंद नाही झाला तुम्हाला?"

"झाला की. पण जास्त सहज सुरू होणारी गाडी बरी नव्हे. बॅटरीवर ताण येतो."

देसांका त्याच्याकडे बघत राहिली. बॅटरीवर ताण कसा येतो हे त्यालाही सांगता आलं नसतं.

ती आत गेली तसं त्याने झाकण उघडलं आणि दुसऱ्याच्या कामातली खोट शोधायला सुरुवात केली. पट्टा पाहिला, ताण बरोबर. पाण्याचा पाइप पाहिला, नवी क्लिप लावून घट्ट केलेला. प्लग काढून पाहिले, चारही सारखे, कॉफीत दूध घातल्यासारख्या रंगाचे. तारा एकत्र बांधून अशा नीट सोडलेल्या की त्याला त्या उपटून टाकाव्याशा वाटल्या. मग त्याचं लक्ष जमिनीकडे गेलं. फिचा उभी राहायची तिथे तेलाचा डाग असायचा आणि देसांका त्यावर चुलीतली राख टाकायची. डाग सुकला होता. नवा थेंब नव्हता. माणसाला घरातून हाकलायचं तर त्याची खुर्चीसुद्धा उचलून न्यावी, तसं त्याला झालं.

"मोरंबा घ्या," देसांका मागून म्हणाली. "आता इंजिनात काही काम नाही, तर जरा निवांत बसा तरी."

त्याला निवांत बसता येईना. इंजिनावर वाकलेलं नसताना या बाईशी काय बोलायचं असतं ते त्याला येतच नव्हतं. तो पाणी प्यायला आणि निघाला.

गावात जळक्या माणसाला तेल घालणारे कमी नसतात. कॅफेतला मालक म्हणाला, "काय हो मिस्त्री, तुमची गाडी म्हणे जर्मन डॉक्टरकडे लावली?" वेलिबोर म्हणाला, "कूम म्हणजे काही बटण नव्हे, तुटलं की दुसरं लावलं." ही म्हण सगळ्यांना पाठ, त्यामुळे सगळे हसले. तो मात्र ती म्हण घरी जाईपर्यंत मनात घोळवत होता. आपण बटणच तर नव्हतो? ब्लागोयेच्या जुन्या कोटाचं, सवयीने लावलेलं?

मग त्याच्या कानावर आलं की शनिवारी देसांका लेस्कोवाकच्या बाजाराला चालली आहे, हिवाळ्याच्या चटणीसाठी लाल मिरच्या आणायला, आणि तिहोमिर तिच्याबरोबर जाणार आहे. गोण्या उचलायला म्हणे. इतकी वर्षं त्या गोण्या कोण उचलत होतं? दर सप्टेंबरात फिचाच्या पुढच्या सीटवर गुडघे हनुवटीला टेकवून, मांडीवर गोणी घेऊन कोण बसत होतं? मिरच्या लेस्कोवाकमध्ये होत्या, पण वेलिबोरच्या नाकाला इथेच झोंबल्या.

शुक्रवारी दुपारी देसांका शेजारी रिकाम्या गोण्या मागायला गेली होती. फाटक उघडंच असायचं, कूमला कसली आडकाठी? तो आत आला, झाकण उघडलं आणि ज्या नटाने ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर जागेवर धरून ठेवलेला असतो तो नट त्याने ढिला केला. अर्धा आटा, जास्त नाही. खिशात टाकलेला पाना त्याने परत काढला आणि पुन्हा आत टाकला, कारण उभ्या आयुष्यात त्याने कधी नट ढिला ठेवला नव्हता. गावातून बाहेर पडेपर्यंत काही कळणार नाही. मग हादऱ्यांनी डिस्ट्रिब्युटर सरकेल, ठिणगीची वेळ चुकेल, इंजिन तापेल, फटफट आवाज करील आणि चढावर बसकण मारील. तिहोमिर दिवा घेऊन उभा राहील, पण भरउन्हात त्या दिव्याचा उजेड दिसत नाही. आणि देसांका फोन करील. आपल्याला करील. तिला धोका काहीच नव्हता, गाडी फक्त रुसणार होती. असं त्याने स्वतःला दोनदा बजावलं.

शनिवारी त्याने दाढी केली, धुतलेला शर्ट घातला, हत्यारांची पिशवी दारात ठेवली आणि फोन मांडीवर घेऊन बसला. दुपार झाली. त्याने फोन उचलून तो चालू आहे ना ते पाहिलं. जेवण केलं नाही, कारण तेवढ्यात फोन आला तर? ऊन उतरलं. पिशवीवर मांजर येऊन झोपलं. अखेर कोपऱ्यावर हॉर्न वाजला आणि फिचा त्याच्या खिडकीखालून गेली, मागच्या सीटवर गोण्यांचा लाल डोंगर, झाकण काठीच्या आधाराने उघडं ठेवलेलं, आणि पुढे दोघं पोट धरून हसत होते. वेलिबोर पडद्यामागे उभा राहून बघत होता.

रविवारी तो ना स्मशानात गेला ना देसांकाकडे. दुपारी तिहोमिरच त्याच्या दारात उभा. कोट, टाय, आणि हातात नक्षीची चपटी लाकडी बुधली, तिच्या गळ्यात झेंडूची माळ.

बुधली पाहताच वेलिबोर दारातून बाजूला झाला. असली बुधली घेऊन माणूस एकाच कामासाठी येतो, लग्नाचं सांगायला.

"बस," तो कसाबसा म्हणाला.

"बसतो. पण आधी उभ्यानेच बोलतो, नाहीतर बोलता यायचं नाही." तिहोमिरने घाम पुसला. "वेल्या, मी आणि देसांका लग्न करतोय. या वयात लोक हसतील, हसू देत. माझ्या घराण्याचे कूम कधीच संपले, मी इतकी वर्षं बाहेर. इथे मला तुझ्याशिवाय जवळचं कोण आहे? तू माझा कूम हो."

वेलिबोरने त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"आणि गंमत सांगू?" तिहोमिरला आता कंठ फुटला होता. "काल गाडी बंद पडली नसती ना, तर माझं तोंड उघडलंच नसतं. महिनाभर शब्द ओठांवर येत होते आणि परत जात होते. येताना चढावर फिचाने फटाके फोडले आणि थांबली. हात लावता येईना इतकी तापलेली. म्हटलं, निवू दे. अक्रोडाखाली बसलो. कलिंगड होतं, ते फोडलं. दोन तास करणार काय? बोललो. सगळं बोलून टाकलं. ती म्हणाली, बरं."

"बरं म्हणाली?"

"बरं म्हणाली. मग गाडी पाहिली तर डिस्ट्रिब्युटरचा नट ढिला. फिरवून कानानेच लावला, तू लावतोस तसा. देवानेच ढिला केला असणार तो." तिहोमिरने बुधली पुढे केली.

कूमपण मागायला आलेल्याला नाही म्हणत नाहीत. मग तो चोर असो, वैरी असो, आपल्या काळजावर पाय देऊन उभा असो. नाही म्हटलं तर नवरानवरीच्या डोक्यावर तळतळाट, आणि त्यातली नवरी देसांका. वेलिबोरने बुधली घेतली, तोंडाला लावली आणि घोट गिळला. जर्दाळूची दारू होती, चांगली होती, आणि त्याला तिची शिसारी आली.

तिहोमिरने त्याला तीनदा गालावर मुके दिले. डोळे पुसले. आणि लगेच, जिभेला जराही अडखळू न देता म्हणाला, "तुमचे उपकार झाले, कूम."

दारातून जाता जाता तो मागे वळला. आवाज खाली आणून, फार मायेने म्हणाला, "आणि कूम, तो नट. माझ्यानंतर इंजिनाला हात तुमचाच लागला होता. देसांकाजवळ मी तुमचं नाव काढलं नाही. वय होतं माणसाचं, आवळायचं राहून जातं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. यापुढे गाडीचं मी बघतो."

ती रात्र वेलिबोरने कशी काढली ते त्याचं त्याला ठाऊक. देसांका गेली हे तर होतंच, पण तो नट त्याला झोपू देईना. गावभर होणार होतं, वेल्याचे हात गेले, वेल्या नट ढिले सोडतो. एकतर आपण नालायक कारागीर ठरायचं, नाहीतर नालायक माणूस. बराच विचार करून त्याने नालायक माणूस व्हायचं ठरवलं.

सकाळी देसांका अंगणात पत्र्याच्या चुलीवर मिरच्या भाजत होती. धुराने डोळे लाल, हात कोपरापर्यंत काळे.

"तो नट मी ढिला केला," तो फाटकातूनच म्हणाला. "विसरलो नाही. शुक्रवारी दुपारी आलो आणि मुद्दाम ढिला केला. अर्धा आटा."

देसांकाने एक मिरची उलटली. "मला तेव्हाच वाटलं. तुम्ही आणि नट ढिला राहू देणार?"

"का केला म्हणून विचारणार नाही तुम्ही?"

"का केलात?"

जे मनात होतं ते बोलायची बंदी होती, म्हणून जे बोलू नये तेच तो बोलला. "आधी पाद्रीबाबांना तरी विचारायचं होतं. नवरा जाऊन किती दिवस झाले, या वयात काय शोभतं, काय नाही..."

देसांकाने चिमटा चुलीच्या कडेवर ठेवला. "विचारलं होतं."

"कधी?"

"गेल्याच्या गेल्या वर्षी. ईस्टरनंतर."

वेलिबोरने मनात हिशेब केला. "तेव्हा तिहोमिर इथे नव्हता."

"नव्हता. जर्मनीत होता." ती चुलीकडे बघत बोलत होती. "मी पाद्री गाव्रिलोंना विचारलं, बाईला तिच्या लग्नातल्या कूमशी लग्न करता येतं का. ते म्हणाले, पुस्तकात मनाई आहे ती बाप्तिस्म्याच्या कूमला, लेकराला पाण्यातून काढणाऱ्याला. तुम्हाला लेकरू झालं नाही. लग्नातल्या कूमचं काय ते लोकांच्या तोंडचं आहे. तो विचारायला आला तर मी लग्न लावीन."

चुलीवर मिरच्या तडतडत होत्या. वेलिबोरने फिचाच्या टपावर हात टेकला.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं. त्याच रविवारी. म्हटलं, पाद्रीबाबा तुमची आठवण काढत होते, एकदा भेटून या. पुढच्या रविवारी पुन्हा म्हटलं. तुम्ही म्हणालात, जेटमध्ये कचरा अडकलाय."

"अडकला होता," तो म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या वर्षांत त्या चर्चसमोरून तो शेकडो वेळा गेला होता. आत जाऊन एक प्रश्न विचारायचा होता. उत्तर सगळ्या जगाला माहीत आहे असं धरून चालल्यामुळे त्याने तो कधी विचारलाच नव्हता.

"देसांका," तो म्हणाला. कुमा नाही, नुसतं देसांका. "अजून..."

"नाही." तिने वर पाहिलं. डोळ्यांतलं पाणी धुराचं नव्हतं आणि तिने तसं भासवलंही नाही. "मी त्याला शब्द दिलाय. अक्रोडाखाली, दोन तास तो बोलत होता आणि मी ऐकत होते. कुणीतरी माझ्याशी बोलत होतं, गाडीशी नाही. आणि ते दोन तास तू दिलेस. वर काल बुधलीही तूच तोंडाला लावलीस."

तू. इतकी वर्षं तो ज्या एका शब्दासाठी झुरत आला होता तो तिने उच्चारला होता, लागोपाठ दोनदा, आणि तो असा. वेलिबोर तसाच उभा राहिला. तिला पुढे काही बोलायचं असेल म्हणून वाट बघत राहिला.

देसांकाने बाहीने तोंड पुसलं, चिमटा उचलला आणि चुलीकडे वळली.

"तेवढी टोपली इकडे द्या, कूम," ती म्हणाली. "मिरच्या करपतायत."

त्याने टोपली उचलून तिच्याजवळ नेऊन ठेवली.